मेसेज येतो, फोन येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत विश्रामबागेला राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहितात. मूळ गाव खानापूर तालुक्यात. मुलगा विशीत असताना गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी कोइमतूरला गेला, आता चाळिशी उलटली, सून-नातू तिकडेच. तो फोन क्वचित करतो, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो, तोही बहुतेक आईला. भावकीचा एक ग्रुप आहे, घरटी एक नंबर, सगळी मिळून चाळीसेक माणसं. जानेवारीत चुलतभावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज टाकला, तेव्हा यांनी तिथेच लिहिलं, "आधी मराठी मराठीत लिहायला शिका." कुणी काही बोललं नाही. चार दिवसांनी यांनी ग्रुप सोडला. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा त्याच चुलतभावाचं कुटुंब रातोरात सांगलीवाडीतून बाहेर पडलं. यांना ते दोन दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं. ते विचारतात, "तोंडाने बोलायला माणसांना एवढं जड का झालंय? फोनला दोन मिनिटं लागतात. मी ग्रुपमध्ये परत जावं, की मोबाइलच ठेवून द्यावा? एक मित्र म्हणतो, सगळ्यांना दुसऱ्या ॲपवर घे, तिथे हा फापटपसारा नसतो."

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात दुखरी गोष्ट दूधवाल्याची आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. आपल्या माणसांनी घर सोडलं आणि ते आपल्याला तिऱ्हाइताच्या तोंडून कळलं, हे कुणालाही लागेल. दुसऱ्या दिवशी तरी त्या घरातल्या कुणीतरी तुम्हाला फोन करायला हवा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची बाजू घेणार आहे.

ती रात्र जरा डोळ्यांपुढे आणा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे सांगलीत पोराटोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, त्यानंतर सांगलीवाडीतलं कुणीही पाणी पायरीला लागायची वाट बघत बसत नाही. कोयनेतून किती सोडलं, पुलाजवळ किती फूट झालं, हे मोबाइलवर बघत राहायचं आणि वेळेत निघायचं. तुमच्या चुलतभावाच्या घरी त्या वेळी फ्रिज कॉटवर चढवणं चाललं असेल, गॅसची टाकी माळ्यावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हाताऱ्या चुलतीला हाताला धरून रिक्षात बसवणं. अशा वेळी एक मेसेज टाकला की चाळीस घरांना कळतं, आणि "कुठं आहात?" म्हणून येणारे चाळीस फोन वाचतात. ज्याने तो मेसेज टाकला त्याच्या मनात "सगळ्यांना कळवलं, सुटलो" एवढंच असणार. सगळ्यांमध्ये तुम्ही उरलेला नाहीत, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नसेल. तुम्हाला वगळलं असं तुम्ही म्हणता. मला तर वाटतं, तुम्ही तिथे आहातच असं ते धरून चालले. आणि घरटी एकच नंबर असल्यामुळे तुमच्याबरोबर वहिनीही बाहेर पडल्या, हे तुमच्याही लक्षात आलं नसावं.

आता तुमची दोन मिनिटं. फोन करणाऱ्याला दोन मिनिटं लागतात, हे खरं. पण घेणाऱ्याचं काय? तुमचा मुलगा गलाईचं काम करतो, तर त्याच्याच दुकानातलं बघू. जुना दागिना मुशीत घालून भट्टीत ठेवलाय. सोनं वितळायला १०६४ अंशांची धग लागते. समोर गिऱ्हाईक बसलंय, त्याची नजर हलत नाही, कारण मुशीत त्याच्या घरचं सोनं आहे. शेजारी ॲसिडची भांडी. त्या वेळी वडिलांचा फोन वाजला तर त्याने काय करावं? उचलला नाही तर तुम्ही म्हणणार, टाळतो. उचलला तर तो तुटक बोलणार, "नंतर करतो" म्हणून ठेवणार, आणि तेही तुम्हाला झोंबणार. मेसेजमध्ये हा पेच पडत नाही. गिऱ्हाईक गेलं, हात धुतले, की तो लिहील. तुम्ही पूजा आटोपून वाचाल. दोघांनी एकाच वेळी मोकळं असायला लागत नाही. माझ्या मते रोजच्या बोलण्यासाठी माणसं मेसेजकडे वळली याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. वॉर्डात ड्यूटीवर असलेली नर्स, तासावर असलेली शिक्षिका, बाळाला नुकतंच झोपवलेली आई, या सगळ्यांची हीच सोय झाली आहे. ज्याला फोन करायचा तो आत्ता कशात आहे हे आपल्याला दिसत नसतं, म्हणून आजची तरुण मुलं आधी "बोलू का?" असं विचारून मग फोन करतात. तुम्हाला तो परकेपणा वाटतो. त्यांच्या दृष्टीने ती रीत आहे, दार वाजवून आत येण्यासारखी.

मुलगा पहिल्यांदा गेला तेव्हाची त्याची आंतरदेशीय पत्रं तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलीत, असं तुम्हीच लिहिलंय. त्या पत्रांत आवाज कुठे होता? आज टाकलेलं पत्र आठवड्याने पोचायचं, तुमचं उत्तर त्याला आणखी आठवड्याने. तरी ती तुम्हाला जिवाभावाची वाटली, कारण काम संपल्यावर दुकानातच अंथरूण टाकून त्या पोराने तुमच्यासाठी चार ओळी खरडल्या होत्या. आता तुम्ही कोरडेपणाचा पुरावा म्हणून त्याचा जो मेसेज उतरवून पाठवलाय तो बघा: "जेवलो. दुकान बंद केलं. पाऊस आहे का तिकडं?" गुरुजी, यातलं शेवटचं वाक्य प्रश्न आहे. त्याच्या गावाकडे पाऊस हा साधा प्रश्न नाही. पाऊस नाही म्हणूनच खानापूर-आटपाडीची पोरं देशभर गलाईला गेली. त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. अंगठ्याचं चित्र पाठवलंत.

तो आईलाच का लिहितो, याचं उत्तर मला तिथे सापडतं. वहिनी "दिवसभर मोबाइलला तोंड लावून बोलत असतात" अशी तुमची तक्रार आहे. त्या व्हॉइस मेसेज पाठवतात. सुनेने विचारलं, शेंगोळ्यांचं पीठ किती घट्ट, की त्या सांगतात. नातवाने गाणं म्हणून पाठवलं की त्या पुन्हा पुन्हा ऐकतात. त्यांना उत्तर मिळतं, कारण त्या उत्तर देतात. टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. ही सोय व्हॉट्सॲपवर २०१३ मध्ये आली, आणि ज्यांच्या हाताला लिहायची सवय नाही अशा कितीतरी बायकांना तिने घरबसल्या लेकीसुनांशी जोडून दिलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातली ही फार मोलाची गोष्ट आहे.

पैशाचंही बोलायला हवं, कारण सवयी तिथून लागतात. कोइमतूरहून घरी बोलायचं तर एसटीडी बूथसमोर रात्रीच्या कमी दराची वाट बघत उभं राहायला लागायचं, मशिनवरचा आकडा पळत असायचा आणि बोलणं त्याच्या धाकाने आटोपायचं. मोबाइल आले तेव्हा सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये थांबलं, पण तमिळनाडूचं सिम घेऊन तो यात्रेला गावी आला की रोमिंग लागायचं आणि तुम्ही केलेल्या फोनचे पैसे त्याच्या खिशातून जायचे. मिस्ड कॉलची भाषा आपल्याकडे तयार झाली ती अशाच काटकसरीतून: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. एसएमएस स्वस्त होते, तर दिवाळी-पाडव्याला कंपन्या पॅक बंद ठेवून पूर्ण दर लावायच्या. जाहिरातींचा उपद्रव वाढला म्हणून २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दिवसाला एका सिमवरून १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. याच दिवसांत व्हॉट्सॲप हातोहाती पसरलं. त्याला राज्याची हद्द नव्हती, सणाचा दर नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट इतकं स्वस्त झालं की गावातल्या पारावर बसूनही फोटो आणि व्हिडिओ जाऊ लागले. आज फोनवर बोलणं जवळजवळ फुकट आहे, मग बोला ना, असं तुम्ही म्हणाल. पण तोवर एका अख्ख्या पिढीला लिहून कळवायची सवय लागून गेली होती.

यातलीच एक गोष्ट त्या पुतणीच्या मेसेजशी जोडलेली आहे. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं बघून तुमचा जीव तुटतो, हे मला समजतं. माझाही तुटतो. पण ही खोड आळसातून आलेली नाही. बटणांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची. देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, आणि काना-मात्रासुद्धा त्यात मोजल्या जायच्या. म्हणजे तेच वाक्य मराठीत पाठवायचं तर दोन किंवा तीन मेसेजचे पैसे. त्यातून समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसायचे. मोठ्या बहीणभावांनी लावून घेतलेली सवय धाकट्यांनी उचलली. आता ती अडचण उरलेली नाही, सवय उरली आहे, आणि ती मोडायला तुमच्यासारखा शिक्षक हवाच.

पण कुठे मोडायची? तिने लिहिलं होतं काय? आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी उद्या काढणार. ती आजी म्हणजे तुमची चुलती. दवाखान्याच्या बाकावर बसून त्या पोरीने सगळ्या भावकीला बरी बातमी कळवली आणि त्याखाली पहिलं उत्तर आलं ते शुद्धलेखनाचं. भर पंगतीत वाढणाऱ्या मुलीला बोलावं तसं झालं ते. वर्गात तुम्ही एखाद्या मुलाची चूक सगळ्यांसमोर काढली असेल, पण तुमचा सूर, तुमचं हसणं त्याला दिसत होतं. मेसेजमध्ये सूर जात नाही, नुसती अक्षरं जातात, आणि ती वाचणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे कडक होतात. त्या दिवशी सगळे गप्प राहिले ते तुमच्या मानामुळे. तुम्ही ते गप्प राहणं अपमान समजून बाहेर पडलात.

आता तुमचं कुठे बरोबर आहे, ते. सगळ्या गोष्टी मेसेजवर उरकायच्या नसतात. मरणाची बातमी जवळच्या माणसाला ग्रुपवरून कळता कामा नये. लग्नाची पत्रिका नुसती फोटो काढून टाकली आणि मागे फोन नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आमंत्रण पोचलं असं मी मानत नाही. भांडण लिहून करू नये, माफी लिहून मागू नये. दवाखान्यात भरती केलं तर ग्रुपवर जरूर टाका, पण ज्याच्या डोळ्यांना दिसत नाही, ज्याच्याकडे साधा फोन आहे, अशा दोन-तीन घरांची नावं आधी ठरवून ठेवा आणि त्यांना कुणीतरी एकाने आवाजी कळवा. हे वाचणाऱ्या तरुण मुलामुलींनो, हे काम तुमच्याकडे घ्या. ग्रुप सोडून गेलेला माणूस नात्यातून गेलेला नसतो.

मोबाइल ठेवून द्यायचा विचार मात्र सोडा. त्याने मुलगा जास्त फोन करेल असं तुम्हाला वाटतंय, पण होईल इतकंच की त्याची खुशाली तुम्हाला वहिनींच्या मार्फत कळत राहील. आणि मित्राच्या सल्ल्याने चाळीस घरं दुसऱ्या ॲपवर नेणं होणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ झाला, तेव्हा खूप जणांनी सिग्नल आणि टेलिग्राम घेतलं. सिग्नल चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आत्या, मामा, शाळेचा ग्रुप, किराणावाला, सगळे जुन्याच जागी होते, म्हणून बरेच जण तिथेच बोलत राहिले. जिथे आपली माणसं आहेत तिथेच जावं लागतं. खासगीपणाची काळजी असेल तर एवढं सांगते की व्हॉट्सॲपवरचं बोलणं एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं, मधल्या कुणाला वाचता येत नाही. टेलिग्रामवर साध्या गप्पांना तसं कुलूप आपोआप लागत नाही. पण चाळीस घरांच्या ग्रुपमध्ये टाकलेलं काहीही खासगी राहत नाही, ॲप कुठलंही असो.

फापटपसारा तर माणसं करतात, ॲप नव्हे. खोटी माहिती पुढे ढकलण्याने काय होतं हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुराच्या दिवसांत "धरण फुटलं" असले मेसेज आले तर ते तुमच्यापाशीच थांबवा आणि १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या नंबरवर विचारा. तुमच्या शब्दाला भावकीत वजन आहे. ते इथे वापरा.

तेव्हा माझ्या मते तुम्ही ग्रुपमध्ये परत जावं, पण आधी पुतणीला फोन करा. मेसेज नको, फोनच. ऑपरेशनची बातमी तिने कळवली ते बरं केलं, हे सांगा, आणि चारचौघांत बोललो ते मनावर घेऊ नकोस, हेही. मग तिलाच म्हणा, मला परत ग्रुपमध्ये घे. ती ॲडमिन नसेल तर ॲडमिनला सांगेल. परत गेल्यावर दर मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही. ग्रुप कायमचा म्यूट करा, सकाळ-संध्याकाळ एकदा बघा, सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा म्हणजे फोन भरणार नाही. निळ्या खुणांचा हिशेब ठेवू नका. वाचलं आणि उत्तर आलं नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा तो माणूस कामात आहे, एवढाच असतो.

मुलाला आजच विचारा, "तुझं दुकान कोणत्या वारी बंद असतं, किती वाजता मोकळा असतोस?" तो जी वेळ सांगेल ती दोघांची ठरवून घ्या आणि त्या वेळी पोटभर बोला, नातवासह, व्हिडिओ कॉलवर. बाकी दिवसांत तो विचारेल त्याला उत्तर द्या. लिहायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा मराठी निवडली की तुम्ही बोलाल ते देवनागरीत उमटतं. किंवा वहिनींकडून व्हॉइस मेसेज शिका. माइक दाबून बोट वर सरकवलं की ते लॉक होतं, मग धरून ठेवावं लागत नाही. तुम्ही आयुष्यभर शिकवलंय, तुमचा आवाज नातवाच्या कानावर पडू द्या. तमिळ शाळेत जाणाऱ्या त्या पोराला मराठी मुळाक्षरं शिकवायची असतील, तर रोज एक अक्षर, एक शब्द, एक छोटं वाक्य एवढं त्याच्यापर्यंत सहज जाईल.

एक सावधगिरी फक्त पाळा, आणि ही सगळ्याच वाचकांसाठी. "बाबा, नवीन नंबर आहे, अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा" असा मेसेज आला तर मुलाच्या जुन्या नंबरवर फोन लावून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा, लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. पुराच्या दिवसांसाठी दहा-बारा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा आणि एखादा बटणांचा फोन चार्ज करून ठेवा, कारण वीज गेली आणि टॉवर लंगडा पडला की इंटरनेट आधी जातं, साधा फोन आणि एसएमएस त्यामानाने टिकतात. त्या यादीत पहिलं नाव चुलतभावाचं घाला, आणि पुढच्या पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ ४० फूट झाल्याचं कळलं की त्यांच्या फोनची वाट न बघता तुम्हीच लावा.